दोन खोल्यांतली वाघाची मावशी: गावठी मांजराचं शरीर आणि त्याची निगा

मुंबईत डॉक्टरांकडे पहिल्यांदा मांजर नेलं की केसपेपरवर जातीच्या रकान्यात पुष्कळदा 'डीएसएच' अशी अक्षरं पडतात. ती पाहून काहींना आपलं मांजर परदेशी निघाल्याचा आनंद होतो. डीएसएच म्हणजे डोमेस्टिक शॉर्टहेअर. आपल्या भाषेत, आखूड केसांचं साधं गावठी मांजर. ब्रिटिश शॉर्टहेअर किंवा अमेरिकन शॉर्टहेअर या वंशावळीच्या नोंदी ठेवून पैदास केलेल्या जाती आहेत. मीटरच्या खोलीत जन्मलेल्या पिल्लाची पैदास कुणी ठरवून केलेली नसते, म्हणून ती जात नव्हे. यात कमीपणा काही नाही. उलट जनुकांची भरपूर सरमिसळ असल्यामुळे चपट्या नाकाच्या पर्शियनचा श्वासाचा त्रास आणि सतत गळणारे डोळे सहसा यांच्या वाट्याला येत नाहीत.

याचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी त्या भागात शेती रुजली, धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे आलं. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या दफनाशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. त्या बेटावर मुळात मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीतून नेलं होतं. तेव्हापासून माणसानं त्याच्या शरीरात फारसा बदल केलेला नाही. कोरड्या मुलखात एकट्यानं शिकार करणारा लहानसा प्राणी पाणी कमी पितो, शी-शू मातीत पुरतो, उंचावर बसतो आणि दुखणं लपवतो. दादरच्या वन-बीएचकेतलं मांजरही हेच करतं. निगा राखताना या चार सवयी सारख्या आडव्या येतात, म्हणून त्या आधी माहीत असलेल्या बऱ्या.

दिसायला कसं?

वजन साधारण ३ ते ५ किलो, बोका मांजरीपेक्षा जड. अंगाला चिकटलेले आखूड केस, लांबट पाय, पाचरीसारखं तोंड, मोठे कान. पट्टेरी मांजराच्या कपाळावर इंग्रजी 'एम'सारखी खूण असते. लांब केसांचं जनुक दबून राहणारं असतं. आईबाप दोघांकडून आलं तरच ते दिसतं. त्यामुळे दोन आखूड केसांच्या गावठी मांजरांना मधूनच एखादं झुबकेदार पिल्लू होतं आणि बाजारात ते 'पर्शियन मिक्स' म्हणून विकलं जातं.

केशरी रंगाची गंमत वेगळी. हा रंग ठरवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एकच एक्स, म्हणून एका प्रतीत काम होतं. मांजरीला पूर्ण केशरी व्हायला दोन्हीकडून ते जनुक मिळावं लागतं. म्हणून केशरी मांजरांत बोकेच जास्त दिसतात. मांजरीकडे एका एक्सवर केशरी आणि दुसऱ्यावर काळा असेल, तर कातडीच्या काही पेशींत एक एक्स बंद पडतो, काहींत दुसरा, आणि अंगावर दोन्ही रंगांचे ठिपके उमटतात. त्यात पांढरा मिळाला की तिरंगी मांजर. तिरंगी पिल्लू जवळपास नेहमीच मादी असतं. क्वचित तिरंगी बोका जन्मतोच, पण त्याच्यात एक जादा एक्स असतो आणि त्याला सहसा पिल्लं होत नाहीत.

दूधभाताची समजूत

मांजर डोळे मिटून दूध पितं असं म्हणता म्हणता पिढ्यानपिढ्या आपण त्याच्यापुढे दूधभात ठेवत आलो. मांजराला गोड चव कळतच नाही, तिचं जनुक त्याच्यात निकामी झालेलं आहे. दुधाकडे ते जातं ते त्यातल्या स्निग्धांशाच्या ओढीनं. मोठं झाल्यावर दुधातली साखर पचवणारं विकर त्याच्या आतड्यात कमी होतं आणि मग पातळ जुलाब होतात. भातानं पोट भरतं, पण ज्याच्यावाचून मांजर जगू शकत नाही ते भातात नसतं.

मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला लागेल तेवढा स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, आणि तो मुख्यतः मांसमच्छीत मिळतो. कमी पडला की डोळ्याचा पडदा झिजून अंधत्व येतं आणि हृदयाचा स्नायू ढिला पडतो. टॉरिन आणि हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये उघड झाला. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिनचं प्रमाण वाढवलं गेलं. गाजरातलं बीटा-कॅरोटिन माणूस 'अ' जीवनसत्त्वात बदलतो, मांजराला तेही जमत नाही. म्हणून शाकाहारी घरात मांजर पाळायचं असेल तर त्याचं जेवण वेगळं असणार, हे आणण्याआधीच मान्य करावं. कुत्र्याचं खाद्य हाही पर्याय नाही, त्यात टॉरिन पुरेसं नसतं.

मग कोळीणबाईच्या पाटीखाली वाढलेली मांजरं धट्टीकट्टी कशी? ती नुसतं माशाचं डोकं खात नाहीत. उंदीर, पाल, पाखरू असं जनावर सगळंच्या सगळं खातात आणि अख्ख्या उंदरात मांजराला लागणारं सगळं असतं. घरातल्या मांजराला रोज फक्त उकडलेला बांगडा किंवा तारली घातली, तर तेलकट माशामुळे 'ई' जीवनसत्त्व कमी पडतं आणि कातडीखालची चरबी सुजून दुखते. कच्च्या माशांच्या काही प्रकारांत 'बी-१' नष्ट करणारं विकर असतं. सुकट, जवळा, सुके बोंबील यांत मीठ जास्त. रोज फक्त चिकनचे तुकडे दिले तर कॅल्शियम कमी पडतं आणि पिल्लांची हाडं वाकतात. रोज काळीज दिलं तर 'अ' जीवनसत्त्व जास्त होऊन मणके आखडतात.

सगळ्यात सरळ मार्ग असा: मुख्य जेवण म्हणून पाकिटावर 'कम्प्लीट' लिहिलेलं मांजरांचं खाद्य, आणि वरखाऊ म्हणून चिकन किंवा मासा, दिवसाच्या जेवणाच्या दहाव्या भागापर्यंत. ते काट्याविना, मीठ, हळद, कांदा, लसूण काही न घालता उकडलेलं असावं. उकडलेलं पाणी फेकू नका. टॉरिन पाण्यात उतरतं, तेही वाटीत ओता. शिजलेलं हाड मात्र देऊ नये, ते फाटून टोकदार होतं.

किती द्यायचं? नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला २०० किलोकॅलरींच्या आसपास लागतात. कोरडं खाद्य असेल तर हे साधारण ५० ते ५५ ग्रॅम. वाटीभर ओतून दिवसभर समोर ठेवणं हे मुंबईतल्या लठ्ठ मांजरांचं मुख्य कारण. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकदा मोजून पाहा, ५० ग्रॅम किती थोडे दिसतात. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत. खाद्याचा ब्रँड बदलायचा तर ७ ते १० दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत.

एक इशारा. लठ्ठ मांजराला बारीक करायला उपाशी ठेवू नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी यकृतात साचते आणि कावीळ होते. कुत्रा दोन दिवस जेवला नाही तरी निभावतं, मांजराचं निभावत नाही.

पाणी आणि बोक्याची लघवी

वाळवंटी पूर्वज शिकारीच्या मांसातूनच पाणी मिळवायचा. उंदराच्या अंगात सुमारे ७० टक्के पाणी असतं, कोरड्या खाद्यात जेमतेम १० टक्के. तहानेची जाणीव मात्र तीच मंद राहिली. ४ किलोच्या मांजराला जेवणातलं धरून दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागतं. निम्मं जेवण ओलं ठेवणं हा यावरचा सोपा उपाय. पाण्याची वाटी रुंद असावी, काचेची किंवा स्टीलची, आणि जेवणाच्या वाटीपासून दूर. घरात दोन-तीन जागी ठेवावी आणि पाणी रोज बदलावं.

पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, तिच्यात खडे आणि चिकट बुळबुळीत पदार्थ साचतो. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो, तो तिथे बुजतो. बोका पुन्हा पुन्हा शी-शूच्या ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, शू होत नाही किंवा थेंबभर होते. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालं, आणि एरंडेल पाजलं जातं. तोवर रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. यासाठी सकाळची वाट पाहू नये. रात्री चालू असलेला दवाखाना कुठला, त्याचा नंबर फ्रिजवर आधीच चिकटवलेला असावा.

ट्रे

मांजराला शी-शू शिकवावी लागत नाही, उकरायला योग्य जागा द्यावी लागते. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट, लिटरचा, म्हणजे त्यात भरायच्या मातीचा किंवा दाण्यांचा, थर ५ ते ७ सेंटिमीटर, संख्या मांजरांपेक्षा एकानं जास्त. बारीक दाण्याचं, गोळा बनणारं, वास न घातलेलं लिटर बहुतेकांना आवडतं. सुगंधी लिटर माणसाच्या नाकासाठी असतं. दिवसातून दोनदा गोळे काढावेत. ते टॉयलेटमध्ये टाकू नका. अशा लिटरमधली बेंटोनाइटची माती पाणी शोषून फुगते आणि खालच्या मजल्यापर्यंत पाइप तुंबतो.

आपल्या घरांची एक खास अडचण आहे. जागा नाही म्हणून ट्रे बाथरूममध्ये जातो, तिथे अंघोळीचं पाणी उडून लिटर भिजतं, आणि मांजर ओल्या जागेऐवजी धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर शू करतं. हा सूड नाही, त्याला कोरडी, उकरता येणारी जागा हवी होती एवढंच. ट्रे पॅसेजमध्ये किंवा कोरड्या गॅलरीत हलवा. जागा बदलूनही बाहेर शू होत असेल, तर मूत्राशयाची तपासणी करून घ्या.

घरात गरोदर बाई आहे म्हणून मांजर सोडून देणारे आजही भेटतात. भीती असते टोक्सोप्लाझ्माची, मांजराच्या शीतून पसरणाऱ्या आणि गर्भाला अपाय करू शकणाऱ्या जंतूची. त्याची अंडी शीतून बाहेर पडल्यावर संसर्गजन्य व्हायला किमान एक दिवस लागतो. ट्रे रोज, दुसऱ्या कुणीतरी साफ करावा, बाकी मांजर सोफ्यावर असू द्यावं. हा जंतू अर्धकच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो. पाळीव जनावर असं वाऱ्यावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ध्यानात असावं.

खिडकी

आमच्या मते मुंबईत घरच्या मांजरासाठी पहिला खर्च जाळीचा, बाकी सगळं नंतर. मांजर तोल जाऊन फारसं पडत नाही. समोरच्या एसीच्या खोक्यावर कबूतर बसलं की त्याचं सगळं ध्यान तिथे लागतं आणि ते झेप घेतं. हवेत अंग वळवून पायांवर उतरण्याची कला त्याला येते, पण पायांवर उतरलं म्हणजे वाचलं असं नाही. उंचावरून पडल्यावर पायांमागोमाग छाती आणि हनुवटी आदळते, टाळू फाटते, फुप्फुसाभोवती हवा भरते. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती छापली. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली. हा आकडा ऐकून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढंच पाहावं की जी जागेवरच मेली ती दवाखान्यात आलीच नव्हती.

खिडकीबाहेरच्या बॉक्स ग्रिलवर भरवसा नको. मांजराचं गळपट्टीचं हाड इतर हाडांना जोडलेलं नसतं, त्यामुळे डोकं गेलं की अंगही जातं. मच्छरजाळी नखांनी फाटते आणि व्हेल्क्रोची जाळी धक्क्यानं उघडते. नायलॉनची कबूतरजाळी कबुतरांसाठी ठीक, पण मांजर ती कुरतडतं आणि उन्हापावसानं तिचे धागे ठिसूळ होतात. ग्रिलच्या आतून एक इंची भोकांची स्टीलची जाळी लावा, दर सहा इंचांवर तारेनं पीळ देऊन. आतून लावल्यामुळे बाहेरचं रूप बदलत नाही आणि सोसायटीशी वादही होत नाही.

उंचावर बसायची हौस घरात भागवता येते. फ्रिजवर जुनी चादर, कपाटावर जायला दोन फळ्या. नखांसाठी पीव्हीसी पाइपला किंवा लाकडी खांबाला काथ्याचा दोर घट्ट गुंडाळा, उंची तीन फूट तरी असावी आणि खालचा पाया जड. मांजर पूर्ण ताणून नखं मारतं. खांब बुटका असेल किंवा डुगडुगत असेल तर ते सोफ्याकडेच जाणार.

घरातली विषं

तापाची पॅरासिटामॉल ही मांजरासाठी विष आहे. तिचा निचरा करणारी यंत्रणा त्याच्या यकृतात फार तोकडी असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड सुजतं. याच तोकडेपणामुळे फिनेलही धोक्याचं. पुसलेल्या ओल्या लादीवरून मांजर चालतं आणि मग पंजे चाटतं. साबणाच्या पाण्यानं पुसा, नाहीतर लादी खडखडीत वाळेपर्यंत दार लावून ठेवा. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, त्यानं मांजराला झटके येतात. कपाटातल्या डांबरगोळ्या, गुच्छातली लिलीची फुलं (परागही पुरतात, मूत्रपिंडं निकामी होतात), कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट हे सगळं पोहोचेबाहेर हवं. शिवणाचा दोरा, राखी, मांजा गिळला आणि शेपटीखालून टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका. आत आतडं कापलं जातं.

पिल्लं आणि नसबंदी

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. खरोखरच ती जागा बदलत राहते, कारण एका जागी वास साचला की बोके आणि कुत्रे माग काढतात. म्हणून पार्किंगमध्ये एकटं पिल्लू दिसलं तर लगेच उचलू नका. ती कदाचित दुसऱ्याला पोचवायला गेली असेल. लांबून दोन-तीन तास पाहा. थंडगार पडलेलं, जखमी किंवा मुंग्या लागलेलं पिल्लू मात्र तेव्हाच उचलावं आणि आधी ऊब द्यावी, नंतर दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही. डोळे ७ ते १० दिवसांनी उघडतात. चार आठवड्यांखालच्या पिल्लाला मांजरांसाठीची दुधाची पावडरच द्यावी, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, पालथं धरून. दर वेळी कोमट ओल्या कापसानं शेपटीखाली पुसावं, त्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. वजन रोज १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं.

मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते. लोळते, रात्रभर विव्हळल्यासारखी ओरडते, आणि घरच्यांना वाटतं पोट दुखतंय. हे दिवसाच्या उजेडाच्या लांबीवर ठरतं. मुंबईत दिवस फारसे लहान होत नाहीत, त्यामुळे हंगाम जवळपास वर्षभर चालतो. गाभण राहिली की ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं होतात. सख्ख्या भावापासूनही मांजरी गाभण राहते, हे दोन पिल्लं एकत्र आणणाऱ्यांच्या फार उशिरा ध्यानात येतं. नसबंदी चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान करावी. 'एकदा पिल्लं होऊ द्यावीत' याला काही आधार नाही. उलट लवकर केलेल्या नसबंदीनं स्तनाच्या गाठींचा धोका पुष्कळ घटतो, आणि बोक्याचं भिंतींवर फवारे मारणं व मारामाऱ्या कमी होतात. नंतर १० ते १४ दिवस टाके चाटू देऊ नयेत. भूक वाढते आणि खर्च होणारी ऊर्जा घटते, म्हणून खाद्य सुमारे पाव हिश्शानं कमी करावं.

लस आणि पावसाळा

तीन रोगांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. मग वर्षाच्या आत बूस्टर. रेबीजची तीन महिन्यांनंतर, पुढे दर वर्षी. एकत्र लसीतल्या तीन रोगांपैकी पॅनल्युकोपेनिया हा विषाणूजन्य रोग पिल्लांना दोन दिवसांत संपवतो आणि त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो. म्हणून नवं पिल्लू पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत, निदान दाराआड, ठेवावं. ज्या घरात एक पिल्लू या रोगानं गेलं, तिथे लस पूर्ण न झालेलं दुसरं आणू नये. लादीसाठी एका भागाला तीस भाग पाणी घातलेलं ब्लीच वापरा, आणि धुऊन वाळेपर्यंत मांजराला दूर ठेवा. मांजर चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

जून ते सप्टेंबर मुख्य त्रास बुरशीचा. कानांवर, नाकाजवळ, पंज्यांवर गोल टक्कल आणि कोंडा दिसला तर ते गजकर्ण असू शकतं, आणि ते घरातल्या मुलांनाही होतं. माणसांसाठीची स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका, बुरशी दबते आणि पसरते. कोरडं खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओलं अर्ध्या तासात उचला. मुंग्यांसाठी वाटी पाणी भरलेल्या ताटलीत ठेवण्याची जुनी युक्ती अजून सगळ्यात बरी. पिसवा झाल्या तर त्यांचं औषध आणि जंतांचं औषध बरोबरच द्यावं लागतं, कारण तांदळाच्या दाण्यांसारखे दिसणारे पट्टकृमींचे तुकडे बहुधा पिसवा गिळल्यामुळेच येतात.

दुखणं ओळखायचं कसं? मांजर सहसा विव्हळत नाही. ते पलंगाखाली जातं, केस चाटणं सोडतं, ट्रेच्या वेळा चुकवतं, उडी मारायच्या जागी थांबतं. झोपेत श्वास मोजायची सवय लावून घ्या. मिनिटाला २० ते ३० ठीक, सतत ४० च्या वर असेल तर दवाखाना. ताप म्हणजे १०२.५ फॅरनहाइटच्या वर. तोंड उघडून धापा टाकणं कुत्र्यात नेहमीचं, मांजरात धोक्याची खूण.

परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं रुग्णालय आहे, बाकी उपनगरांत खासगी दवाखाने आहेत, पण मांजराला तिथवर नेणं हेच अर्धं काम. पिंजरा आजारपणातच माळ्यावरून काढला की मांजर तो पाहताच पसार होतं. तो वर्षभर उघडा, आत त्याची जुनी चादर घालून, घरात पडू द्या आणि मधूनमधून खाऊ आतच टाका. दार पुढे आणि वरूनही उघडणारा पिंजरा घ्या. रिक्षा-टॅक्सीत त्यावर टॉवेल टाका. दवाखान्यात तो जमिनीवर ठेवू नका, समोर कुत्री बसलेली असतात. खुर्चीवर ठेवा, पिंजऱ्याचं तोंड तुमच्याकडे करून.